दोन थेंब तुळशीला

मी काही देवभोळी नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, या बाईला ऊठसूट चमत्कार दिसतात. माझी पहिली मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली, तेव्हापासून देवघरात मी दिवा लावायचे तो केवळ सासूबाई सांगायच्या म्हणून. हात जोडले जायचे, पण आतून मी देवाशी अबोला धरला होता. शाळेत मुलींकडून रोज प्रार्थना म्हणवून घेणारी मास्तरीण स्वतः नुसते ओठ हलवून वेळ मारून न्यायची. आता सांगते ते त्या अबोल्याच्या दिवसांतलं आहे.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमची सौंसर तहसील मध्य प्रदेशातच राहिली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. कालपर्यंत आमची राजधानी दीडदोन तासांवर होती, ती एकदम भोपाळला जाऊन बसली. बाजारात माणसं म्हणायची, आपल्याले कोनी विचारलं का? पण मला त्या वादात पडायला सवड नव्हती. मी मोहगावच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि माझी दुसरी मुलगी मंदा अडीच महिन्यांची होती. रोज नवी बातमी कानावर यायची. मराठी शाळा राहतील की नाही, कोणाची बदली थेट नर्मदेपलीकडे होईल, रजेवर असलेल्यांच्या जागा जातील. खरं किती, खोटं किती, देव जाणे. यजमान पांढुर्ण्याच्या जिनात हंगामी कामाला होते, कपाशीचा हंगाम सरला की घरी. वर्षभर चालणारी नोकरी घरात माझी एकटीची. रजा वाढवून मागायची माझी छाती झाली नाही. मी हजर झाले.

मंदाला वरचं दूध द्यायचं नाही, ही एकच गोष्ट मी मनाशी घट्ट धरली होती. पहिलीच्या वेळी मला विषमज्वर झाला, थोडं दूध पिळून पाजलं, मग तेही आटलं, तिला वरचं दूध सुरू केलं आणि ती हगवणीने गेली. निदान मला तरी तसंच वाटत होतं. म्हणून या खेपेला मी आमच्या सुइणीकडून दूध पिळून ठेवायचं शिकून घेतलं. पहाटे चुलीजवळ बसायचं, ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याने छाती शेकायची, मग बोटांनी हळूहळू वरून खाली. पहिले काही दिवस वाटीच्या बुडाला जेमतेम ओल यायची आणि मला रडू फुटायचं. लेकरू पुढ्यात नसताना दूध काही सहजासहजी उतरत नाही. पुढे मी मंदाचं झबलं नाकाशी धरून बसायला लागले, तेव्हा उतरू लागलं. ते दूध उकळलेल्या चिनी मातीच्या बरणीत भरायचं, वर स्वच्छ फडकं बांधायचं आणि माठाखालच्या ओल्या वाळूत बरणी रोवून ठेवायची. मी नसताना सासूबाईंनी ते चोचीच्या बोंडल्याने मंदाला दोन वेळा पाजायचं, असं ठरलं होतं. सासूबाई "बरं" म्हणाल्या होत्या. त्यांच्या त्या "बरं"मध्ये मी कधी डोकावून पाहिलं नाही, ही माझी चूक.

सौंसरहून सकाळची मोटर मोहगावला सोडायची आणि परतीची चारला. दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. पाढे म्हणून घेताना एखादी मुलगी रडली तरी पोलकं भिजायचं, मग मी हजेरीचं रजिस्टर छातीशी धरून वर्गात फिरायचे. मुली हुशार, सगळं समजायच्या, पण बिचाऱ्या बोलायच्या नाहीत. मधल्या सुटीत मी नकाशे ठेवायच्या खोलीत कडी लावून वाटीत दूध काढायचे. ते चारपर्यंत टिकेल की नाही, याची भीती वाटायची. मग ते घेऊन मी नदीकाठच्या महादेवाच्या देवळामागे जायचे आणि तिथल्या बेलाच्या बुंध्याशी ओतायचे. अंगावरचं दूध पायदळी येऊ देऊ नये, मुंग्यांना लागू देऊ नये, नाहीतर दूध आटतं, असं माझ्या आईने सांगितलं होतं. झाडाला घालावं, नाहीतर वाहत्या पाण्यात सोडावं. विश्वास होता म्हणून नव्हे, हाताला सवय होती म्हणून मी ते करायचे.

मोहगावचा महादेव अर्धनारीश्वर आहे, अर्धा बाप आणि अर्धी आई. सगळा गाव त्याच्यापुढे वाकायचा. मी मागच्या मागे बेलाला दूध घालून शाळेत परतायचे, समोरच्या दाराने कधी गेले नाही.

महिना होत आला आणि मंदा सुकायला लागली. मांड्यांवरच्या वळ्या गेल्या, कातडी सैल पडली, शौचाला पातळ होऊ लागलं. मी घरी पोचले की ती छातीशी अशी काही झोंबायची की दिवसभराची उपाशी असावी. बरणी तर रोज रिकामी, धुऊन पालथी घातलेली. "आई, ही पिते ना पुरतं?" मी विचारायचे. "पिते न," असं म्हणून सासूबाई सूप पाखडायला घ्यायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत. मला वाटायचं, थकल्या आहेत. मग मी स्वतःलाच दोष द्यायला लागले. माझंच दूध निकस असेल, माझ्या अंगातच काही खोट असेल, म्हणून पहिली गेली आणि आता ही चालली. अंगणात एक तुळस तेवढी त्या थंडीतही अशी फोफावली होती, पानं कशी काळीशार, शेजारणी येऊन विचारायच्या की काय घालता हो हिला. मीही एकदा सासूबाईंना म्हणाले, आई, तुळस छान धरली. त्यांनी नुसता पदर सावरला.

शेवटी मी राजीनामा लिहिला. तीन ओळींचा कागद, पण लिहायला दोन दिवस लागले. नोकरी गेली तर खायचं काय ते पुढे बघू, लेकरू तरी वाचेल, असं मन घट्ट केलं आणि कागद पिशवीत टाकून मोहगावला गेले. दुपारी तो मोठ्या बाईंच्या हाती द्यायचा होता. त्याआधी नेहमीप्रमाणे वाटी घेऊन देवळामागे गेले. त्या दिवशी मात्र माझा संयम सुटला. बेलापाशी उभी राहून मी देवळाच्या पाठभिंतीला उद्देशून मनातल्या मनात म्हणाले, अर्धी आई म्हणवतोस ना, मग तुला माझं दिसत कसं नाही? दोन वर्षांनंतर मी त्याच्याशी बोलले, तेही भांडायला.

बुंध्याच्या पलीकडे एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती, ती मला दिसलीच नव्हती. नऊवारी लुगडं, कपाळभर गोंदण. माझी वाटी रिकामी होताना ती बघत राहिली.

"बाई, कोनाचं दूद होय हे?"

मला लाज वाटली, पण मी मास्तरणीच्या आवाजातच सांगितलं, "माझं. लेकरू सौंसरला आहे."

"मंग झाडाले काहून पाजून राहिली?"

"पिळलेलं दूध झाडालाच घालतात. आमच्यात तशी रीत आहे."

"आमच्यातबी तेच मानतेत." तिने गाठोडं बाजूला सरकवलं. "आन् लेकरू घरी काय पिते?"

मी तिला बरणीचं सांगितलं, वाळूचं सांगितलं, बोंडल्याचं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "तुही सासू कोन्या रीतीची हाय वं?"

काळीशार तुळस डोळ्यांसमोर आली. सूप पाखडणाऱ्या सासूबाई आल्या. मी स्वतः चार बुकं शिकलेली, सुइणीकडून सगळं समजून घेतलेली, तरी माझा हात रोज दुपारी झाडाकडेच वळत होता. मग ज्यांनी जन्मभर एवढी एकच रीत पाहिली त्यांच्या हाताने काय केलं असेल?

परतीच्या मोटरीला तीन तास होते. म्हातारी म्हणाली, संत्र्याची बैलबंडी सौंसरला निघून राहिली, तिच्यातच मी चालली, चाल. मोठ्या बाईंना दारातूनच सांगून मी निघाले, राजीनामा पिशवीतच राहिला. मी संत्र्याच्या डाल्यांमध्ये अंग चोरून बसले होते. बैल आपल्या चालीने चालत होते आणि मला वाटत होतं, खाली उतरून पळत सुटावं. म्हातारीने वाटभर फारसं काही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "घरी गेल्यावर कुदू नको सासूवर. पह्यले पाह्य."

घराचं दार उघडंच होतं. मंदा पाळण्यात कण्हत होती, शेजारी बोंडल्यात निळसर, पाणी घातलेलं गाईचं दूध. आणि सासूबाई अंगणात तुळशीपुढे. हातात माझी बरणी. एकेक धार मुळाशी सोडत होत्या आणि दुसऱ्या हाताने पदर पसरून पुटपुटत होत्या, "माय, माह्या नातीले जगव."

मी आधी पाहिलं म्हणून कुदले नाही. पाहिलं नसतं तर काय बोलले असते, याची आजही भीती वाटते. त्यांनी मला बघितलं आणि बरणी छातीशी धरली. "आई, हे काय करून राहिल्या?" एवढंच माझ्या तोंडून निघालं, तेही त्यांच्याच बोलीत.

त्या खाली बसून रडायला लागल्या. "तापात दूद पिळून पाजलं होतं तूनं पहिलीले. तवाच ती गेली. पिळलेलं दूद लेकराले लागत नाई, माही माय सांगे. तुले सांगतली असती तं तू शिकलेली, आयकली नसती. म्हून मी तुळशीले वाहत होती. मी का दुष्मन हाय का तिची?"

मग मला कळलं की एकाच मरणाला आम्ही दोघी दोन वेगळी दुधं कारण ठरवून बसलो होतो. ती वरच्या दुधाने गेली असं मी धरून चालले होते, पिळलेल्या दुधाने गेली असं त्या. एकाच छपराखाली राहून दोन वर्षांत ते एकमेकींना सांगितलं मात्र नव्हतं. मी काय समजावणार? सुईण काय म्हणाली ते सांगून पाहिलं. त्या मान हलवत राहिल्या, नाही, नाही, मी ते पाप करणार नाही.

म्हातारी पाणी प्यायला म्हणून उतरली होती, ती उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तांब्या खाली ठेवून ती सासूबाईंना म्हणाली, "बाई, तुळशीले वाह्यलं ना? मंग ते दूद कुठं राह्यलं आता. तो निवद झाला. निवद देवाले दाखवतेत, सारा का त्याच्याच पुढं ओततेत? दोन थेंब तिले दे. बाकीचा परसाद लेकराच्या तोंडात घाल. परसाद कधी कोनाले बाधला का?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं. बरणीच्या तळाशी चार चमचे दूध उरलं होतं. त्यांनी दोन थेंब मुळाशी टाकले, बरणी कपाळाला लावली, उठून पाळण्याशी गेल्या आणि गाईचं दूध फेकून बोंडलं धुतलं. मंदा गटागटा प्यायली. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, मी सासूबाईंकडे. मागे वळून पाहिलं तर उंबऱ्यावर रिकामा तांब्या होता. बंडी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. मी धावत गेले, नाव विचारलं, तर ती म्हणाली, "तिगावाकडची हाय मी. जा, लेकरापाशी जा."

पुढे तिगाव स्टेशनाच्या आसपासच्या दोनचार घरांत मी विचारून पाहिलं. अशा गोंदणाच्या म्हाताऱ्या गावोगाव आहेत, असं उत्तर मिळालं. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. ज्याच्या पाठभिंतीला भांडले, त्याच्याच झाडाखाली ती बसली होती, एवढं मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी देवळात समोरच्या दाराने गेले. दुपारच्या दुधाचेही बेलाला दोनच थेंब घातले, बाकीचं शाळेतल्या माठाखालच्या वाळूत ठेवून संध्याकाळी घरी नेलं. बरणीवरच्या फडक्यावर एक जाड कागद बांधला, माशा बसू नयेत म्हणून. तो राजीनाम्याचा कागद होता.

पंधरा दिवसांत मंदाच्या मांड्यांवर वळ्या परत आल्या. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं असं मी समजत होते. पण माझं दूध, माझं लेकरू, माझी भीती दुसऱ्याच्या हाती देताना त्या हातांना कसली भीती आहे, हे विचारायला लागतं. तेवढं नमतं घ्यायला मला एक अनोळखी म्हातारी लागली.

सासूबाई पुष्कळ जगल्या. मंदाच्या लग्नात अक्षता त्याच वाटत होत्या. शेवटच्या आजारपणात एकदा मी पायांना तेल लावत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "माह्या हातून पाप झालं होतं का वं तवा?" इतकी वर्षं हे त्यांच्या पोटात होतं.

मी म्हणाले, "आई, तुम्ही तुळशीला घालत होता तेव्हा मी तिकडे बेलाला घालत होते."

त्या हसल्या. मग डोळे मिटून म्हणाल्या, "पर दोघींचंबी त्यानं पोरीलेच पोचवलं."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.