तिच्याबद्दल विचारलं तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. भावाजवळ नाही, शेजारीपाजारी तर सोडाच — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. माझ्या धैर्याची मजल एवढीच.

महाडला एस.टी. स्टँडच्या मागे, सायकलच्या दुकानावर, माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि जो तो पोरांना कॉम्प्युटर शिकवायला निघाला होता. क्लासच्या मागच्या दोन खोल्यांत मी राहायचे. एकटी. लग्न झालं नाही — ते का, ते ओघात येईलच. मी तशी फटकळ बाई. उशिरा येणाऱ्या पोरांना जिन्यातूनच परत पाठवायचे, आणि भांडायला आलेल्या त्यांच्या बापांनाही सोडायचे नाही. मॅडमच्या तोंडी लागू नका, असं गावात म्हणायचे. मला त्याचं कौतुकच होतं. आपण जे असेल ते तोंडावर बोलतो, असं मीच माझ्याबद्दल सांगत फिरायचे.

वनिता पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतली. घरी म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी. बारावीपर्यंत रोज डोंगर उतरून शाळेत गेलेली पोर. माझ्याकडे शिकायला आली आणि शिकता शिकता शिकवायलाच लागली. पावसाळ्यात वाडीची वाट निसरडी होते, म्हणून मी म्हटलं, चार महिने राहा इथेच. चार महिने संपले, ती राहिली. मी मॅडमची ताई कधी झाले, ते माझं मलाच कळलं नाही.

तुम्ही कधी रोजच्या रोज एकट्यापुरता स्वयंपाक केला आहे? एका भाकरीचं पीठ मळायचं जीवावर येतं. मग सकाळचा भात फोडणीला टाकायचा आणि ओट्यापाशीच उभ्याउभ्या खाऊन घ्यायचा. वनिता आल्यावर मी ताटं मांडायला लागले. ती केस पुसत पुसत वाडीतल्या गोष्टी सांगायची — कुणाची म्हैस कुणाच्या वरीत शिरली, आणि त्यावरून आता कोण कुणाच्या बारशाला जाणार नाही. मी म्हणायचे, गप बस बाई, डोकं उठवलंस. ती गप्प बसायची नाही. मला ती गप्प बसलेली चालणार नाही, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

आणि नोकरी शोध, असं तिला मीच सांगितलं. हे लक्षात ठेवा — मीच. हुशार मुलगी आहे, महाडात किती दिवस कुजणार, असं म्हणायला मला फार बरं वाटायचं. माणसाला आपला मोठेपणा आवडतो. तो खरा करायची वेळ येईपर्यंत आवडतो.

इंटरनेट तेव्हा फोनच्या लाइनवरून चालायचं. नेट चालू असलं की फोन बंद. संध्याकाळची बॅच सुटली की आम्ही दोघी एका मशीनपुढे बसायचो. मोडेम किरकिरायचा, आणि नोकऱ्यांची साइट हळूहळू वरून खाली उघडत जायची. तिचं खातं उघडलं, ईमेल काढला, फोटो स्कॅन करून आणला. मग आला तो रकाना — आजवर काय मिळवलंत, काय करून दाखवलंत, ते लिहा.

"मी काय केलंय?" वनिता म्हणाली. "काय नाय."

त्यांच्या वाडीत कोणी आपलं आपण सांगत नाही. सांगणाऱ्याला हसतात. मी तिला म्हटलं, पुठ्ठ्यांचं लिही.

ते असं — आमच्याकडे लाइट जायची ती तासन्‌तास. बाकीचे क्लासवाले पोरांना घरी पाठवून मोकळे व्हायचे. वनिताने बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यांच्यावर कीबोर्ड आखला, एकेक अक्षर रंगवलं, आणि पोरांना त्यावर बोटं ठेवायला शिकवली. पोरं ते पुठ्ठे घरी न्यायची. नाते गावची, पाचाडची मुलं, ज्यांच्या घरात कॉम्प्युटर कुणी पाहिलेलाही नव्हता, ती अंगणात बसून टायपिंग करायची. मशीनवर आली की बोटं आपोआप पडायची. हे तिला मी सुचवलेलं नव्हतं. मी तर आधी वैतागले होते, की क्लासभर पुठ्ठ्याचा कचरा झाला.

"ताई, हसतील ते," ती म्हणाली.

"हसू देत. आपलं आपणच सांगायचं असतं, वनिता. दुसरं कोणी येत नाही सांगायला."

हे माझं वाक्य. मी तिला बजावून बजावून शिकवलेलं. तिने लाजत लाजत लिहिलं, मी त्याचं जरा भारी इंग्रजी करून दिलं, आणि ते वाचून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. शेवटी दोन माणसांची नावं द्यायची होती, ज्यांच्याकडे तिची चौकशी करता येईल. तिने माझं नाव आणि क्लासचा नंबर लिहिला. दुसरं नाव कुणाचं, म्हटलं, तर म्हणाली, "दुसरं कोण हाय?"

पुढे पुण्याच्या एका संस्थेचा मेल आला. त्यांना शिकवणाऱ्या मुली हव्या होत्या, राहायची सोय तेच करणार होते. अर्ज आवडला, चौकशी करून कळवतो, असं लिहिलं होतं. त्या रविवारी आम्ही जवळच्या सव गावी गेलो, गरम पाण्याच्या कुंडांवर. माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरतात. पाण्यात पाय सोडून बसलो होतो आणि ती मध्येच म्हणाली, "मला लागली ना नोकरी, तर तुमाला पण नेणार पुण्याला. हितं काय हाय तुमचं?"

मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली. मी हसले. पण परतीच्या गाडीत तो प्रश्न काही जाईना. इथे काय होतं माझं? तीच तर होती.

आता यायला हवं त्या दिवसाकडे. मी मघापासून टाळतेय, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

तिच्या घरी म्हैस व्यायला झाली होती, म्हणून ती दोन दिवसांसाठी वाडीला गेली होती. मेल आल्यापासून ती दुपारीही नेट लावून बसायची. ती नाही, म्हणजे नेट बंद. नेट बंद, म्हणजे फोन मोकळा. दुपारी फोन वाजला. पुण्याचा माणूस, आवाजाने तरुण, बोलायला अदबशीर. म्हणाला, बरेच दिवस लाइनच लागत नव्हती तुमची. मग म्हणाला, ते पुठ्ठ्यांच्या कीबोर्डचं खरं आहे का हो? मी म्हटलं, खरं आहे. तो म्हणाला, ते वाचून आमचे सर इतके खूश झाले, म्हणाले हीच मुलगी बघा. फक्त एकच विचारायचं राहिलंय — पुन्हा वेळ आली तर तुम्ही स्वतः तिला कामावर घ्याल का?

इथे जरा थांबते.

आमच्याकडे लग्न जुळवताना मुलीची चौकशी करतात, तुमच्याकडेही करत असतील. त्यात उघड वाईट कोणी बोलत नाही. मुलगी चांगली आहे हो, म्हणतात, मग 'पण' म्हणतात, आणि थांबतात. तेवढं पुरतं. याला भांजी मारणं म्हणतात. माझ्या बाबतीत ती आमच्याच आळीतल्या एका काकूंनी मारली, एकदा नाही, दोनदा. हुशार आहे, पण तोंडाने जरा — एवढंच. मला पुढे कळलं. मी त्या काकूंशी त्या जाईपर्यंत बोलले नाही. म्हणजे हे कसं करतात आणि ज्याच्यावर होतं त्याचं काय होतं, दोन्ही मला पुरतं ठाऊक होतं. सूट मिळावी म्हणून सांगत नाही. ठाऊक असून केलं, म्हणून सांगते.

त्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं? घेईन. डोळे मिटून घेईन. अहो, मला तिला सोडवत नाही, इतकी चांगली आहे ती. शब्दन्‌ शब्द खरा होता. जिभेवर आला होता. आणि मी थांबले. फोनवरचं थांबणं समोरच्याला फार लांब वाटतं, हे मला कळत होतं, तरी थांबले. मग म्हणाले, "मुलगी गुणी आहे. पण — घरची ओढ फार आहे तिला. आत्ताही गावीच गेली आहे. टिकेल की नाही, मला सांगता यायचं नाही."

"हं," तो म्हणाला. "बरं झालं मॅडम, स्पष्ट बोललात. लोक सांगत नाहीत."

मी फोन ठेवला आणि चहा टाकला. सवयीने दोघींचा टाकला. तो सगळा मीच प्यायले.

दुसऱ्या दिवशी वनिता आली ती डब्यात चीक घेऊन. ताईंना खरवस आवडतो म्हणून डोंगरावरून, गाडीतून, न सांडता आणलेला. मी वेलची घालून खरवस केला. दोघींनी खाल्ला. चांगला झाला होता.

मग तिचं वाट बघणं सुरू झालं. रोज संध्याकाळी मोडेमची किरकिर, तोच रिकामा इनबॉक्स, आणि शेजारी खुर्ची ओढून बसलेली मी. एकदा तिने विचारलं, "ताई, त्यांनी फोन तर केला नसंल? आपली लाइन सारखी बिझी असती."

"केला असता तर पुन्हा केला असता," मी म्हणाले.

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. जड गेलं नाही, हे त्याहून वाईट.

पण फोनवर बोलले तो माझा सगळ्यात मोठा गुन्हा नव्हे. तो पुढे आहे. महिना उलटला असेल. ती मशीनपुढे बसली होती, मी मागे उभी होते. तिने तिचा बायोडाटा उघडला आणि पुठ्ठ्यांच्या ओळीवर येऊन थांबली.

"हे काढून टाकते, ताई. त्याच्यानंच झालं असंल. हसले असतील ते."

त्यांचे सर खूश झाले होते. हीच मुलगी बघा, म्हणाले होते. हे साऱ्या महाडात एका माणसाला माहीत होतं आणि ते माणूस तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं होतं. मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्हाला कसं कळलं? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. मी फटकळ, मी तोंडावर बोलणारी. तिने एकेक अक्षर मागून खोडत नेलं, सावकाश, ओळ संपेपर्यंत. मी बघत राहिले. मग ती म्हणाली, उगाच मोठं मोठं लिहिलं आपण. आणि मी म्हणाले — मी म्हणाले, असू दे.

त्यानंतर लाइट गेली की ती पोरांना घरी सोडायला लागली. पुठ्ठे माळ्यावर गेले. नोकरीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी ताटं मांडलेली असायची, पण कुणाची म्हैस कुठे शिरली ते मला आता कळेनासं झालं. मी विचारायचे, काय गं, वाडीत काय चाललंय? ती म्हणायची, काय नाय, ताई. माणूस जवळ ठेवायला म्हणून मी हे केलं, आणि शेजारच्या खोलीत माणूस असून मी पहिल्यापेक्षा एकटी झाले.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा मुंबईला टेम्पो चालवायचा, ती तिकडे गेली. म्हणजे गेलीच शेवटी. क्लासही काही वर्षांनी मी बंद केला. पुन्हा ओट्यापाशी उभी राहून जेवायला लागले.

मागच्या मे महिन्यात ती मला स्टँडवर भेटली. माहेराहून परत निघाली होती, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. अंगाने भरली आहे, हसणं तेच. मुलीला म्हणाली, "ह्या माझ्या कॉम्प्युटरच्या मॅडम. फार केलं ह्यांनी माझ्यासाठी."

मुलगी आईकडे बघतच राहिली. "मम्मी, तुला कॉम्प्युटर येतो?"

"येत होता थोडा थोडा. इसरले आता."

मुलीचा काही विश्वास बसेना. ती माझ्याकडे वळली. "खरंच येत होता हिला?"

वनिताबद्दल मला कुणी विचारावं, अशी ही दुसरी वेळ. या खेपेला काही जाणार नव्हतं माझं. सांगायला केवढं होतं — पुठ्ठे होते, अंगणात बसून टायपिंग करणारी पोरं होती, पुण्याचे ते सर होते. पोरगी मान वर करून वाट बघत होती.

"हो, येत होता," एवढंच मी म्हणाले.

गाडी लागली. वनिताने पिशवी खाली ठेवली, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मुलीलाही लावायला सांगितला. मी लावू दिला.