दिलावरचा डावा गुडघा

पोस्टिंगच्या पहिल्याच सकाळी मी घोड्याच्या चांगल्या पायाला पट्टी बांधली.

वेळ ०६१५. जागा, डोंगरातली आमची ॲनिमल ट्रान्सपोर्ट युनिट. मी ड्रेसर, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा कंपाउंडर म्हणा. नुकताच कोर्स करून आलेलो, छाती दोन बोटं पुढं. दिलावर नावाचा अठरा वर्षांचा घोडा लाइनमधून लंगडत आला. त्याची मुंडी उजव्या पायावर खाली जात होती. मी जाणत्यासारखी मान हलवली, उजवा गुडघा शेकला, तेल चोळलं आणि झकास पट्टी मारली. सगळी लाइन बघत होती.

"परंडेकर," मागून आवाज आला, "दुखऱ्या पायावर घोडं मुंडी वर उचलतंय. खाली टाकतंय ते चांगल्या पायावर. परंड्याच्या किल्ल्यात कधी घोडं बघितलं न्हाय काय?"

हा लान्स नाईक बसवराज, सगळ्यांचा बसू, खेचरांचा ड्रायव्हर. गाव मुरुम. मी परंडा तालुक्यातल्या सोनारीचा. जिल्हा एक, टोकं दोन. एवढ्या लांब जिल्ह्यातला माणूस भेटला तर गळ्यात पडावं. मी त्या दिवसापासून त्याच्यावर जळायला लागलो.

दिलावरचा डावा गुडघा म्हाताऱ्याचा गुडघा होता. थंडी वाढली की सुजायचा, आठ-दहा दिवसांत उतरायचा, पुन्हा यायचा. बरा होणारा आजार नव्हता, सांभाळायचा होता. मी मनापासून सांभाळला. वजन वाढू नये म्हणून दाणा मोजून दिला. खाली जाड गवत अंथरलं. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घेतले. सकाळ-संध्याकाळ शेक आणि माझं तेल. ते तेल मी स्वतः कढवायचो, काय काय घालून ते कुणाला सांगायचो नाही. बायकोला फोनवर मात्र रोज सांगायचो, आज तेलानं किती गुण आला.

आणि घोडा? मी आलो की कान मागं. बसू आला की खिंकाळी.

बसू त्याच्याशी कानडीत बोलायचा. मुरुमकडं कानडी घरातच असते. "बारो" म्हटलं की घोडा यायचा, "मेल्लगे" म्हटलं की हळू चालायचा. मी मराठीत, हिंदीत, कोर्समध्ये शिकवलेल्या इंग्रजीत बोलून बघितलं. माझ्याकडं शेपूट.

एकदा पहाटे ०५३० ला उठलो तर बसू दिलावरला वॉटर पॉइंटपर्यंत चालवत होता. सावकाश, अर्धा तास. पहिली पावलं लाकडासारखी पडत होती. परतताना घोडा जवळजवळ सरळ चालत होता. हे रोज चाललेलं, आणि मी ०७०० ला रजिस्टरमध्ये लिहायचो, 'तेलाने सुधारणा.'

"मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? माझ्या आज्जीचं बी तसंच हाय. उठल्या उठल्या जमत न्हाय, दोन फेऱ्या मारल्या की सुटतंय." मग माझं तोंड बघून म्हणाला, "तेल बी चांगलंच हाय रं तुझं."

ह्या शेवटच्या वाक्यानं मी जास्त जळलो.

जानेवारीत कास्टिंग बोर्ड आला. म्हणजे पशुवैद्यक मेजर साहेब येणार, म्हातारी जनावरं बघणार आणि निकामी ठरलेल्यांची नावं कापणार. नाव कापलेल्या, लंगड्या घोड्याचं पुढं काय होतं, ते इथं लिहीत नाही. बसू दोन दिवस आधी रेशनचा कॉलम, म्हणजे लादलेल्या खेचरांची रांग, घेऊन वरच्या पोस्टवर गेला होता. बोर्डाच्या आदल्या संध्याकाळी १८०० ला रेडिओवर त्याचा आवाज आला.

"बेस, परंडेकरला निरोप. दिलावरला बोर्डाआधी अर्धा तास चालवा. मेल्लगे. ओव्हर."

"रॉजर. आउट," मी म्हणालो.

आणि चालवलं नाही. मला बघायचं होतं, माझं तेल एकटं काय करतं. खरं लिहायचं तर, मला बसूशिवाय जिंकायचं होतं.

०८०० ला घोडा थेट तबेल्यातून साहेबांपुढं उभा केला.

"ट्रॉट."

तो तीन पायांवर धावला.

"हॉल्ट. ये तो पूरा लेम है." साहेबांनी रजिस्टर चाळलं. "इसमें तो लिखा है सुधार. कल सेम टाइम. लास्ट चान्स."

दुपारी १३०० ला रेडिओ. "परंडेकर, बोर्ड काय म्हणाला? ओव्हर."

"उद्या परत आहे. ओव्हर."

"चालवलं न्हाय व्हय? ओव्हर."

मी बटण दाबलं आणि सोडलं.

"बरं. संध्याकाळी येतो मी. आउट."

१६१० ला पोस्टवरून दुसराच आवाज आला. खालच्या वळणावर दरड कोसळली होती. एक माणूस आणि एक खेचर नाल्यात. कॉलम ठरलेल्या वेळीच निघाला होता, दिलावरसाठी लवकर नाही. मी रेडिओच्या वहीतली ती नोंद तीनदा बघितली.

दुसऱ्या सकाळी ०५३० ला मी दिलावरला बाहेर काढलं. बसूचा शोध अजून चालू होता. घोडा दारात उभा राहिला. ओढलं, हलला नाही. "चल" म्हटलं, हलला नाही. तो माझ्या खांद्यावरून पलीकडं वाटेकडं बघत होता. शेवटी मी म्हणालो, "बारो." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "मेल्लगे... बारो."

त्यानं पाऊल टाकलं. वॉटर पॉइंटपर्यंत आणि परत, अर्धा तास.

०८०० ला साहेब म्हणाले, "ट्रॉट." मग म्हणाले, "हॉल्ट. लाइट ड्यूटी. रखो."

११२० ला बसू सापडला. लान्स नाईक बसवराज, वय अठ्ठावीस. शेजारी खेचर चंपा. दोर त्याच्या मनगटाला तसाच होता. त्याला मुरुमला न्यायला दुसरा जवान गेला. मला त्या जवानाचाही हेवा वाटला.

दिलावर त्यानंतर दोन वर्षं राहिला, नव्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवत. मी त्याला रोज चालवलं, कानडीत. रोज तो आधी माझ्या मागं बघायचा, आणखी कुणी येतंय का म्हणून. गेलेल्या माणसावरही जळता येतं. मला आलं.

बसू गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला सोनारीला आलो, तेव्हा हे सगळं बायकोला सांगितलं. रेडिओचा निरोपही सांगितला. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, खाली काढली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या पयल्या गाडीनं मुरुमला जावा. त्यांच्या आईला सांगा, तुमच्या पोरामुळं घोडं राहिलं म्हणून." मग दुसरा गोळा हातात घेतला. "आन तिथं तेलाचं नाव काढू नका."