उभ्यानं काढलेला घोट्याचा फोटो

घोटा बदलून वर्ष उलटलं होतं आणि डॉक्टरांच्या लेखी तो उत्तम बसला होता. दर तपासणीला ते नवा एक्स-रे पडद्यावर आणायचे, शेजारी ऑपरेशननंतरचा पहिला फोटो लावायचे आणि सांगायचे की वरचा धातूचा भाग सरळ आहे, खालचा सरळ आहे, मधली प्लास्टिकची गादी जागेवर आहे. मग दुखतं कशानं? तर वय, वजन, आणि मी व्यायाम करत नसणार.

मंद्रूपहून एका पिशवीनिशी येऊन मी शुक्रवार पेठेत भांड्यांचं दुकान उभं केलं. समोरचा खोटं बोलत असेल तर मला लगेच कळतं. हा डॉक्टर खोटं बोलत नव्हता, तेच वाईट होतं. खोटारड्याशी भांडता येतं. याचा फोटोवर विश्वास होता आणि माझ्यावर नव्हता. काउंटरमागे थोडा वेळ उभं राहिलं की घोट्यात पाचर ठोकल्यासारखं व्हायचं. शेवटी स्टुलावर बसून धंदा सुरू केला. बायकोही म्हणाली, "फोटो चांगला हाय म्हणतेत की. मनातनं काढा आता." म्हणजे घरातही दुखणं सांगायची सोय उरली नाही.

पुढच्या तपासणीला एक्स-रेच्या टेबलावर नेहमीसारखा आडवा झालो, पाय सरळ केला, आणि ध्यानात आलं की आडवं पडल्यावर माझं कधीच दुखत नाही. उठून बसलो. उभ्यानं काढा म्हणालो. फोटो काढणाऱ्या बाईंनी सांगितलं की पहिला फोटो पायाला प्लास्टर असताना आडवाच काढला होता, म्हणून तुलनेसाठी पुढचे सगळे तसेच काढतात. माझा आवाज चढला. पातेलं गळतं का ते रिकामं ठेवून बघता का, असं मी विचारलं. बायको दारातून म्हणाली, "अवो, लोक बघायलेत."

आवाज ऐकून डॉक्टर आले. "काका, तुलना करायची तर पाय त्याच स्थितीत लागतो."

"मग दुकानात पण झोपूनच जाऊ का?"

त्यांनी खाली माझ्या पायाकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाले, उभ्यानं काढा. मला लाकडी पायरीवर चढवलं. मी कठडा सोडला आणि अंगाचा सगळा भार त्या पायावर टाकला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण हललो नाही.

पडद्यावर वरचा तुकडा एका बाजूला कलला होता आणि खालच्या आणि हाडाच्या मध्ये काळी रेघ होती. डॉक्टरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"सांधा सैल झालाय. तुमचं बरोबर होतं, काका."

वर्षभर या वाक्यासाठी भांडलो होतो. ते मिळाल्यावर मी एवढंच विचारलं, आता काय करायचं? ते सांगत होते की एक तर हा काढून नवा घालायचा, नाही तर हाडं जोडून घोटा कायमचा बंद करायचा, म्हणजे तो वाकणार नाही. मी विचारलं, असाच ठेवला तर? ते म्हणाले, आतलं हाड झिजत जाईल. नवा घातला तर टिकेल का, हे विचारलं तेव्हा म्हणाले, खात्री देता येत नाही. बंद केला तर दुकानातली शिडी चढता येईल का, हे बायकोनं विचारलं. ते म्हणाले, येईल, पण जपून.

आयुष्यभर मी समोरच्यानं सांगितलेल्या दोन दरांत तिसरा दर काढत आलो. इथे तिसरा नव्हता.

ठरवण्याआधी हाड किती शिल्लक आहे ते सीटी स्कॅनवर बघू, असं डॉक्टर म्हणाले. तो मात्र आडवाच काढावा लागतो. मी वाद घातला नाही. बायकोनं माझ्या चपला उचलून हातात घेतल्या आणि आम्ही स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलो.