अंगणातलं तेलकट वर्तुळ

मोटरसायकलच्या गॅरेजवरून जाताना जळक्या ऑइलचा वास आला, की मी आजही क्षणभर थांबते.

लहानपणी आम्ही राहायचो त्या भरवेलीला खाणीच्या साहेबांचं गोल्फचं मैदान होतं. उन्हाळ्यात तिथे हिरवळ टिकायची नाही, म्हणून चेंडू घालायच्या भोकाभोवती जळकं ऑइल घातलेली वाळू दाबून बसवत. एकदा बाबांनी साहेबांच्या क्लबच्या रद्दीतून इंग्रजी मासिक आणलं. त्यात गोल्फ खेळणाऱ्या एका फ्रेंच बाईचा फोटो होता. खांद्यावर काठी, नजर लांब.

"हे खेळूनच कमावते ती," बाबा म्हणाले.

त्याच दुपारी मी अंगणात डालड्याचा डबा पुरला आणि भोवती तेलकट वाळू थापली. काठी बांबूची होती, चेंडू साहेबांचा हरवलेला.

आईचं डोकं फिरलं. "सारवलेल्या अंगणाचा सत्यानाश केला! काहून केलं हे?"

"मले खेळायचं हाय."

"पोरीच्या जातीनं?"

"फोटोतली बी बाईच हाय."

आईनं खराटा उचलला. मी वर्तुळात जाऊन उभी राहिले. पाठीवर दोन बसले, पण पाय हलवला नाही.

सकाळी पाहिलं, तर सगळं अंगण नव्यानं सारवलेलं होतं. वर्तुळ तेवढं तसंच होतं आणि त्याच्या कडेनं रांगोळीची पांढरी रेघ होती. घाण पसरू नये म्हणून आईनं हद्द आखली, असं वाटून मी रागानं काठी उचलली आणि शाळेची वेळ होईपर्यंत खेळले.

आता रोज सकाळी मी माझ्या दारात रांगोळी काढते. घाणीभोवती रांगोळी कुणी काढत नाही.