मागापलीकडची देल्फीना

"मला शांततेत नीट ऐकू येत नाही," असं ओत्तिलिया एकदा शहरातल्या डॉक्टरला म्हणाली होती. डॉक्टर हसला. ती मात्र अगदी खरं बोलत होती.

इटलीत बिएल्लाच्या डोंगरातल्या तिच्या गावात या बोलण्याला कुणी हसलं नसतं. ओढ्याकाठच्या लोकरीच्या गिरणीत मागांचा खडखडाट असा, की कानाशी ओरडलं तरी पोचायचं नाही. म्हणून बाया ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचा नाही, तोंड नुसतं मोठं हलवायचं. ओत्तिलियाच्या समोरच्या मागावर देल्फीना असे. लग्नं, बाळंतपणं, सासूची गाऱ्हाणी, सगळं दोघींनी असंच एकमेकींना सांगितलं होतं.

गिरणी बंद झाली, तेव्हा मालकाने निरोपाचं जेवण ठेवलं. निषेध म्हणून कुणीही जायचं नाही, असं बायांनी ठरवलं. देल्फीना गेली. तेव्हापासून दोघींचा अबोला.

तसं ओत्तिलियाचं बरं चाललं होतं. परसात कोबी होता, खुराड्यात कोंबड्या होत्या आणि संध्याकाळी पत्त्यांचा डाव. डावात मात्र ती हरायची.

"आई, हातातले पत्ते जोडीदाराला ओठांनी सांगत बसतेस," लेक लोरेदाना म्हणायची.

"मग? कळतंय कुणाला?"

"म्हणून तर हरतेस!"

ज्या एकीला कळलं असतं, ती चर्चमध्येही दुसऱ्या टोकाला बसायची.

पुढे गिरणीचं संग्रहालय झालं. उद्घाटनाला एक माग चालवून दाखवणार होते. देल्फीना येणार, हे ओत्तिलियाला ठाऊक होतं. आज काय ते मिटवायचं, असं ठरवूनच ती गेली. फक्त पहिला शब्द सापडत नव्हता.

माग सुरू झाला. पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. पलीकडे उभ्या देल्फीनाचे ओठ हलले.

"म्हातारी झालीस गं."

"तुझ्या घरी आरसा नाही वाटतं?" ओत्तिलियाचे ओठ म्हणाले. मग लगेच, "त्या जेवणाला का गेलीस?"

"आई अंथरुणाला खिळली होती. भाजलेलं मांस हवं म्हणायची. तिच्यासाठी रुमालात बांधून आणलं. मी घासही खाल्ला नाही."

"मग इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते की! रोज चौकात. तू बघायचीस कुठं? मी दिसले की मान फिरवायचीस."

ऐकायचं नसलं की लोक कान झाकून घेतात. ओत्तिलियाने मान फिरवली होती.

"पत्ते खेळतेस अजून?" तिने विचारलं.

"तुझी लबाडी कळेल इतपत."

माग थांबला. लोकरीच्या वासाची ती जुनी जागा एकदम गप्प झाली. नगराध्यक्षाने ओत्तिलियापुढे माइक धरला.

"सिन्योरा, जुन्या दिवसांबद्दल दोन शब्द सांगा ना!"

सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. तिने माइक हळूच बाजूला सारला, मागाला वळसा घालून देल्फीनाचा दंड धरला आणि नुसत्या ओठांनी 'चल, डाव मांडू' म्हणत तिला घेऊन बाहेर पडली.