कोरडा दिवस आणि गजाननचं लग्न

आमच्या संभाजीनगरात पाणी साठवावं लागतं, किस्से मात्र आपोआप साठतात. त्यातून मी डेंग्यूच्या अळ्या शोधणाऱ्या पथकात! घरोघरी जायचं, ड्रमचं झाकण उचलायचं, आत बॅटरी मारायची. पथकात तिघं. मी, सुलभाताई आणि गजानन. गजानन पस्तिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. त्याचं जमावं म्हणून त्याच्या आईइतकाच जीव आम्ही दोघंही टांगणीला लावून बसलेलो.

या कामानं माणूस एका जागी बसायचं विसरतो. पाहुण्यांकडे गेलो तरी माझी नजर कूलरवर. सुलभाताई तर थिएटरात, हिरॉईन ढसाढसा रडत असताना ओरडल्या, "अहो, तिच्या मागची कुंडी बघा! खालच्या ताटलीत पाणी आहे!"

*

गजाननच्या गल्लीतल्या शकूमावशी कधीच ऐकायच्या नाहीत. आम्ही म्हणायचो, "मावशी, आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करा, कोरडा दिवस पाळा."

मावशी झाकणावर हात ठेवून उभ्या. "नळाला पाणी येतं आठव्या दिवशी. तुमचा कोरडा दिवस एकच, आमचे सात हायेत की!"

आम्ही पुढच्या घरी.

*

एकदा आमचे मोठे साहेब कॉलनीत भाषणाला आले. "डास कुठंही बसू शकतो," ते म्हणाले, आणि तेवढ्यात तो त्यांच्याच गालावर बसला. सुलभाताईंनी मागचापुढचा विचार न करता एक ठेवून दिली!

डास वाचला. ताईही वाचल्या, कारण त्यांच्या जागी यायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

*

गजाननला कन्नड गावचं स्थळ आलं. त्याच्यासोबत आम्हीही गेलो. पोहे झाले, मुलगी येऊन बसली, आणि हा उठून परसात! तिथूनच आवाज आला, "ताई, सापडल्या! लई हायेत!"

आम्ही धावेपर्यंत त्यानं रांजण आडवा केलेला. मुलीचे मामा दारात उभे. "पाव्हणं, पोरगी बघाय आलाव का रांजण?"

परतताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. वळून म्हणाला, "पण लई होत्या हो, ताई." मला त्याचं फार वाईट वाटलं. चूक काय होती त्याची?

*

मग देवगाव रंगारीचं स्थळ. ही मंडळी मुलाचं घर बघायला येणार, मुलीसकट. गजाननला दोन दिवस चैन नाही. "आपल्याच घरात अळी निघाली तर इज्जत काय राहील?"

सकाळीच त्यानं ड्रम, टाकी, माठ, सगळं ओतून घासून पालथं घातलं. दुपारी नळ येणारच होता, म्हणून गल्लीलाही ओतायला लावलं. नळ आलाच नाही. पाइप फुटला म्हणे!

पाहुणे उन्हातून येऊन टेकले. ट्रेमध्ये काचेचे ग्लास, सगळे रिकामे. गजाननची आई नुसती आतबाहेर. मी कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळालो, ते दुपारचं बंद. सुलभाताई तांब्या घेऊन शकूमावशींच्या दारात.

मावशी रडकुंडीला आल्या. "आजच पाळला वो, कोरडा दिवस! म्हणलं, गजूचं लगीन हाय."

मुलीच्या वडिलांनी घसा खाकरला. "पाणी मिळंल का जरा?"

गजानन उभा राहिला. "नाय. मीच ओतलं सगळं. अळ्यांपायी."

संपलं, आता हेही गेलं, असं मला वाटलं. तेवढ्यात मुलीनं पिशवीतून स्वतःची बाटली काढली, ट्रेमधला एक ग्लास भरला आणि गजाननपुढे धरला. "आधी तुमी घ्या. घामाघूम झालाव."

गजाननानं ग्लास घेतला आणि सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे वर धरला!

सुलभाताईंनी डोळे मिटून घेतले.

"बघा," मुलगी म्हणाली. "नीट बघा. मी थांबते."