घाटावरचा भाचा

देश सज्ज आहे, असं टीव्हीवर कोणी म्हणालं की मी आवाजच बंद करतो. तो सज्जपणा मी माझ्याच अंगणात पाहिलाय. शी!

आमच्या गोव्यात मोपाच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, विमानतळ झाला तेव्हा घरामागची खोली मी भाड्यानं दिली. बेळगावकडचा एक फरशीकाम करणारा आणि त्याची बायको. त्याचं काम विमानतळाच्या आवारात, गळ्यात आत जायचा पास. त्या पासावर दोघांचं पोट. चार वर्षं राहिली. सकाळी सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की ती आपल्याबरोबर माझेही पाव घ्यायची, पायरीवर झाकून ठेवायची.

मग एक दिवस पोलिसांची जीप भोंग्यावरून ओरडत फिरली. अतिरेक्यांपासून सावध राहा, भाडेकरूंची नोंद करा, नाहीतर घरमालकावर गुन्हा! मी शहाण्यासारखा दुसऱ्याच दिवशी ठाण्यावर. तर फॉर्म संपलेले. पुन्हा गेलो तर साहेब मंत्र्याच्या बंदोबस्ताला. शेवटी हवालदारानं कागद घेतला एकदाचा, पण पोच देईना. पोचेचं पुस्तक म्हणे कपाटात, आणि किल्ली साहेबांकडे. मी भडकलो तसा तो हसला.

"कित्याक वणवण करतात? कोणी इचारल्यान तर भाचो म्हणून सांगा. घाटावर पावणो नाय असो हंय कोण आसा?"

आमच्या वाड्यावर तेव्हा घरोघरी असे भाचे झाले होते. मीही दोघांना पढवून ठेवलं. तो लाजला. ती मात्र त्या दिवसापासून मला सरळ मामा म्हणू लागली.

पुढे लांब कुठेतरी स्फोट झाला आणि आमच्याकडे तपासणी निघाली. रविवारी भर दुपारी दोन जीपा अंगणात. साहेब, मोबाइलवर चित्रण करणारा एक, आणि मागे तोच हवालदार.

"हा कोण?"

"मी यांचा भाचा," तो माझ्याकडे बघत म्हणाला, त्याच्या त्या कानडी हेलात.

साहेबांनी त्याला आईचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुमच्या बहिणीचं नाव सांगा."

मला बहीणच नाही. मी हवालदाराकडे पाहिलं. तो मेला माडाकडे बघत उभा! मला एवढंच बोलायचं होतं की कागद मी दिलाय, आणि ही थाप यानंच शिकवली. पण गुन्हा माझ्यावर येईल अशी भीती वाटली.

"भाडेकरू आहे साहेब," मी म्हणालो. "तशी काही ओळख नाही."

चार वर्षं तिनं झाकून ठेवलेले पाव खाल्ले मी! त्या हवालदाराची किळस येते, पण त्याहून जास्त या माझ्या तोंडाची येते.

त्याला जीपमध्ये घातलं. संध्याकाळी सोडलं, कारण सापडायला काही नव्हतंच. तोवर 'संशयित ताब्यात' म्हणून त्याचं तोंड गावभर मोबाइलवर फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं पास काढून घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पोत सामान भरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती किल्ली द्यायला आली.

"येते मामा," म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण ती नेहमीसारखीच म्हणाली.

महिन्याभरानं हवालदार स्कूटरवरून आला. खूश होता.

"तुमचो कागद गावलो! सगळा बरोबर आसा. एक सही तेवडी रवली."

खोली रिकामी आहे, असं मी सांगितलं. त्याला त्याचं काही नव्हतं, फाइल पुरी व्हायला हवी होती. त्यानं स्कूटरच्या सीटवर कागद पसरला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. वर छापलं होतं, 'सदर व्यक्तीस मी चांगला ओळखतो.'

मी सही केली.